अलिबागच्या पुढचं चौल

पुण्याहून अलिबागला जाणारे लोक साधारण दोन प्रकारचे. एक, मासे खायला जाणारे. दुसरे, ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात चालत जाणारे, आणि मग मासे खाणारे. यंदा थंडीत आम्ही अलिबागला फक्त चहा घेतला आणि नागावच्या वाड्यांमधून पुढे चौल-रेवदंड्याला गेलो.

चौलात बंदर शोधत फिरलात तर हाती काही लागायचं नाही. नारळी-पोफळी, कौलारू घरं, रामेश्वराचं देऊळ आणि त्याची पुष्करणी, बस्स. मुंबईला कुणी राजधानी म्हणून ओळखत नव्हतं तेव्हापासून इथे परदेशी जहाजं लागत. प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या भूगोलात हे गाव आहे. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी इथे येऊन गेला. मला मात्र या सगळ्यांत जवळचा वाटतो तो अफनासी निकितीन.

हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी. 1470च्या आसपास एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. गोऱ्या माणसाला बघायला लोक मागे लागायचे, असं त्यानेच लिहून ठेवलंय. इथून पाली करत घाट चढून तो पोचला कुठे, तर आपल्या जुन्नरला! तीन आठवड्यांहून जास्त लागले त्याला. (आम्ही खोपोलीच्या उतारावर अर्धा तास अडकलो तर गाडीत भांडणं.) जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन म्हणाला. शेवटी एका खुरासानी सरदाराच्या मध्यस्थीने घोडा सुटला. शिवनेरीला इतक्यांदा जाऊनही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात निकितीनचं स्मारक आहे.

रेवदंड्याचा किल्ला बघायला वेगळं जावं लागत नाही. रस्ताच तटातून आत शिरतो आणि गाव, वाड्या, सगळं आतच आहे. चौलसमोरच्या समुद्रात 1508 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो लढाईत मारला गेला. तरी पुढच्या काही वर्षांत पोर्तुगीजांनी निजामशाहाकडून परवानगी मिळवून इथे बस्तान बसवलंच. 1570-71 मध्ये त्याच निजामशाहीने वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. मराठ्यांकडे तो आला 1740 साली. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले पडलेत, उरलेला बुंधा मात्र माडांच्या वर डोकावतो. पाटी-बिटी असती तर बरं झालं असतं. आम्हाला वाडीत पोफळं सोलत बसलेल्या आजोबांनी वाट दाखवली.

रात्री घरगुती खानावळीत पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, बाहेरून पेटवायचं. काकूंनी आमच्या ताटात शेंगांचा ढीग ओतला आणि म्हणाल्या, "पुण्याचे ना? मग लाजू नका."

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून कोर्लईला गेलो. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून आलेली बोली अजून घरात बोलतात. किल्ला चढायला ऊन फार होतं, दीपगृहापर्यंतच गेलो. येताना पांढऱ्या कांद्याच्या माळा घेतल्या आणि वडखळच्या वाहतुकीत सापडायच्या आत सटकलो.