आहात होय तुम्ही!

१८ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री साडेदहा.

सकाळी पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याला गेलो होतो. अंगठा उमटेना. तर्जनी उमटेना. खिडकीतली मुलगी चांगली होती बिचारी, म्हणाली, "काका, हात धुऊन, कोरडे करून या." धुतले, पँटला पुसले, तरी मशीन लाल ते लालच. इथवर मलाही हसू येत होतं. तेवढ्यात मागून तो आला, आपल्या सेक्शनचा, लाल स्कूटरवाला. माझ्याकडे बघतच राहिला. "अरेच्चा, आहात होय तुम्ही!"

आहे की.

"नाही म्हणजे, मार्चमध्ये कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं. १४ जणांनी हात पण जोडले. मग कळलं ते दुसरेच." आणि माझा हात धरून हलवत बसला, मी दहावी पास झाल्यासारखा.

घरी आलो तरी डोक्यातून जाईना. हिला सांगितलं, तर ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "चला, आयुष्य वाढलं म्हणायचं." झालं. हिच्यापुरतं संपलं. मी जेवलो नाही, तेही हिला संध्याकाळी कळलं.

मग पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या मंजुरीच्या कागदाची, झेरॉक्स शोधायला कपाटाचा खालचा खण उपसला. तळाशी पेपर अंथरलेला होता, २०२२ च्या अखेरची पुरवणी. वर्षभरात गेलेल्यांचे फोटो. मधोमध लतादीदी, कडेनं बाकीचं जग. पेलेला अगदी शेवटी कोपऱ्यात घुसवलेला दिसत होता, २९ डिसेंबरला गेला ना. गोर्बाचेव्हच्या कपाळावर, नेमक्या त्या जन्मखुणेच्या डागाशेजारी, एक डांबरगोळी येऊन बसली होती, झिजून हरभऱ्याएवढी झालेली. उचलली तर खाली पिवळट गोल. आता दोन डाग.

आणि एकदम आठवलं. ३० ऑगस्टला तो गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात, पेपर उघडला आणि मी काय म्हणालो? "अरे, हा होता होय अजून?"

तेच शब्द. स्कूटरवाल्यानं माझेच मला परत दिले.

१९९१ च्या २५ डिसेंबरला त्यानं सोव्हिएत युनियनच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, आणि माझ्या लेखी त्याच रात्री तो आटोपला होता. पुढची ३० वर्षं तो रोज उठत होता, दाढी करत होता, हे माझ्या गावीही नाही. १९९६ ला निवडणुकीला उभा राहिला तर एक टक्काही मतं पडली नाहीत. पिझ्झाच्या जाहिरातीत काम केलं. १९९९ ला बायको गेली. शेवटी ९१ व्या वर्षी मॉस्कोत तिच्याच शेजारी पुरलं त्याला. पुतिन अंत्यविधीला फिरकले नाहीत, कामं होती म्हणे. मी तरी कोणता फिरकलो होतो? मी तर त्याला ३० वर्षं आधीच पोचवून मोकळा.

फ्रेंच सिनेमावाला गोदार गेला तेव्हाही तेच म्हणालो. हॉलिवूडचा नट सिडनी पॉटिए, त्याच्या वेळीही बहुधा तेच. म्हाताऱ्यांच्या बाबतीत हे तोंडातून निसटतंच. फिरकीवाल्या शेन वॉर्नच्या वेळी नाही निसटलं. ५२ वर्षांचा माणूस. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाचा जुना यष्टिरक्षक रॉड मार्श गेला होता, त्याला वॉर्ननं श्रद्धांजली वाहिली आणि काही तासांत थायलंडमध्ये हा स्वतःच गेला. तेव्हा मी नुसता बसून राहिलो होतो. त्यानं बोल्ड केलेल्या इंग्लंडच्या गॅटिंगचा तो चेहरा डोळ्यांसमोर येत होता, चेंडू कुठून वळला ते न कळलेला.

नानाचंही त्याच वर्षीचं. त्यावर आज नको.

पण खरी लाज आहे ती विक्रम गोखल्यांची. २३ नोव्हेंबरची रात्र. ते गेल्याचं कुठून तरी आलं आणि मी न बघता पुढे ढकललं, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली", तीन फुलं. मग त्यांच्या घरच्यांनी सांगितलं की ते अजून आहेत, उपचार चालू आहेत. मी मेसेज काढून टाकला, पण काढल्याची पाटी तिथे राहतेच, सगळ्यांना दिसत. २६ तारखेला ते खरंच गेले. त्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्यांदा तीच फुलं कुठल्या तोंडानं टाकणार?

नंतर कधीतरी वाचलं, महिनाभर आधी तिकडे अमेरिकेत गायक जेरी ली लुईसचंही तसंच झालं होतं. २६ ऑक्टोबरला गेल्याची बातमी, मग माफी, आणि २८ ला माणूस खरोखर गेला. चीनचे माजी अध्यक्ष जियांग झेमिनना तर हाँगकाँगच्या एका वाहिनीनं २०११ मध्येच मारलं होतं. ते त्यानंतर ११ वर्षं जगले, २०२२ च्या ३० नोव्हेंबरपर्यंत. ९६ वर्षांचे होऊन गेले. म्हणजे ही म्हणते त्यात तथ्य असावं. हिला हे सांगणार नाही.

पुरवणीत पोप बेनेडिक्ट नाहीत. ३१ डिसेंबरला गेले, तोवर पान छापून झालेलं असणार. पुढच्या वर्षीच्या पानातही कोण घेतंय त्यांना. जवळपास ६०० वर्षांत राजीनामा देणारा पहिला पोप, २०१३ ला पायउतार झाला आणि पुढे साडेनऊ वर्षं व्हॅटिकनमध्येच राहिला. पेन्शनरच की. त्यांना नाही विचारलं कुणी अंगठा लावा म्हणून.

खणात पेपर परत अंथरला. डांबरगोळी या वेळी क्रिकेटच्या बाजूला ठेवली.

संध्याकाळी मोबाइलवरून चेहरा दाखवून दाखला काढायचा प्रयत्न केला. त्यात डोळे मिचकवायला लागतात. मी मिचकवले. ही मागून म्हणाली, "एवढे जोरात नको, भांडल्यासारखं दिसतंय." तिसऱ्या वेळी झालं. आहे मी, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.

एकच गोष्ट राहून राहून येतेय. त्या ग्रुपवर ७० च्या वर माणसं आहेत. हात जोडले १४ जणांनी. कोण कोण ते विचारायला हवं होतं स्कूटरवाल्याला.