सात फुटांची पट्टी आणि हलका हात

बेळगावच्या टिळकवाडीतील ज्या हॉलमध्ये मी गेली पंधरा वर्षे बॅडमिंटन शिकवत आलो आहे, तेथे आता आठवड्यातून चार दिवस सकाळी सहाच्या आत पोहोचून मी जमिनीवर निळी चिकटपट्टी लावतो. बॅडमिंटनच्या दुहेरीचे कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते आणि पिकलबॉलचे, म्हणजे बॅटीने प्लास्टिकचा चेंडू जाळीवरून मारण्याच्या खेळाचे, कोर्टही नेमके तेवढेच, म्हणून बाहेरच्या रेषा तयारच मिळतात. पण बॅडमिंटनची सर्व्हिसची पुढची रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते आणि पिकलबॉलची सात फुटांवर. नव्याने खेळू लागलेले पुष्कळ गट जुन्या रेषेवरच भागवून घेतात. मी तसे करू देत नाही, कारण ज्याच्या पायाला त्या अर्ध्या फुटाची सवय लागली, तो नियमाच्या कोर्टावर गेला की हवेतला चेंडू मारताना त्याचा पाय नकळत रेषेच्या आत पडतो आणि हातातले गुण जातात.

हा खेळ मुळात बॅडमिंटनच्या कोर्टावरच जन्मला. १९६५ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम या तिघांनी घरातल्या मुलांचा वेळ जावा म्हणून अंगणातल्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावर तो मांडला. भारतात तो २००६ च्या सुमारास मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी आणला. त्याआधी कॅनडात त्यांनी तो पाहिला होता. पुढे कितीतरी वर्षे बेळगावात या खेळाचे नाव सांगितले, तर लोक लोणच्याविषयी विचारत. आता मात्र पहाटेच्या तुकडीसाठी मला नावे लिहून थांबायला सांगावे लागते, आणि त्यांत चाळिशी-पन्नाशीच्या स्त्री-पुरुषांचे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. शाळा सोडल्यानंतर ज्यांनी कधी मैदान पाहिले नाही, अशा काकू आणि मावशी पहिल्याच तासात दहा-दहा फटक्यांची खेळी खेळतात. कोर्ट लहान, जाळी कडेला ३६ आणि मध्यभागी ३४ इंच उंच, चेंडू भोकांचा प्लास्टिकचा आणि हलका, सर्व्हिस कमरेखालून. खेळ का पसरला, याचे बरेचसे उत्तर या एका वाक्यात आहे.

पण ‘हा खेळ तासाभरात येतो’ हे वाक्य मला प्रशिक्षक म्हणून काळजीत टाकते. तासाभरात खेळता येते हे खरे. खेळ मात्र त्यानंतर सुरू होतो, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर अनेकांना आता आपल्याला सगळे आले असे वाटू लागते.

जाळीलगतच्या त्या सात फुटांच्या पट्टीला सगळे ‘किचन’ म्हणतात. माझ्या तुकडीतल्या एका मावशींनी तिची तुलना सोवळ्यातल्या स्वयंपाकघराशी केली आणि ती इतकी चपखल वाटली, की तुकडीत ‘सोवळ्यात पाय टाकू नका’ असेच रूढ झाले. मला ते थांबवावे लागले, कारण त्यातून एक चूक पक्की होत होती. पट्टीत पाय टाकायला मनाई नाही. टप्पा न पडलेला चेंडू तेथे उभे राहून मारायला मनाई आहे. चेंडू आत टप्पा घेऊन उठला, की खुशाल आत जावे आणि मारावा. उलट बाहेर उभे राहून हवेतला चेंडू मारला आणि त्या जोराने तोल जाऊन पाय आत पडला, तर चेंडू तोवर मेलेला, म्हणजे खेळाबाहेर गेलेला असला तरी गुण जातो. ‘आत जायचेच नाही’ असे मनात बसलेले लोक छोटा चेंडू आला की रेषेबाहेरूनच वाकून हात लांबवतात, आणि चेंडू जाळीत जातो.

आता ज्याला मी या खेळाचा गाभा मानतो, त्याकडे येतो. सर्व्हिस झाली, की पलीकडच्याने चेंडूचा एक टप्पा पडू द्यायचा आणि त्याने परतवलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्या बाजूनेही टप्पा पडू देऊनच घ्यायचा, असा दुहेरी टप्प्याचा नियम आहे. परिणाम असा होतो, की परतवणारी जोडी चेंडू मारून सरळ पुढे येते आणि किचनच्या रेषेवर उभी राहते, तर सर्व्हिस करणाऱ्या जोडीला मागेच थांबावे लागते. म्हणजे सर्व्हिस करणारा येथे, टेनिससारख्या खेळाच्या अगदी उलट, अडचणीत असतो. त्या तिसऱ्या फटक्याला नवखा माणूस काय करतो? पूर्ण ताकदीने मारतो. समोर दोघे जाळीपाशी बॅट धरून उभेच असतात. ते तो चेंडू नुसता अडवून खाली टाकतात. यावर उपाय एकच: चेंडू असा हलका, कमानदार सोडायचा, की तो जाळी ओलांडून समोरच्या किचनमध्येच पडेल. मग त्यांना तो हवेत मारता येत नाही, खालून उचलावा लागतो, आणि तेवढ्या वेळात आपण दोघे पुढे सरकून रेषा गाठतो.

हा एक फटका शिकवायला मला महिने लागतात. एरवी रिक्षा चालवणारा, दंडात भरपूर जोर असलेला एक तरुण पहिल्या आठवड्यात मला म्हणाला होता, ‘सर, मारायचंच नाही म्हटल्यावर खेळायचं कसं ओ?’ त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. बॅट जोरात फिरली की शरीराला काहीतरी केल्याचे समाधान मिळते. हलक्या फटक्यात ते मिळत नाही आणि चूक झाली तर ती सगळ्यांना दिसते. मी त्याला खांद्यातून हात लोलकासारखा हलवायला, मनगट मोकळे न सोडता स्थिर ठेवायला आणि बॅट मुठीत आवळण्याऐवजी पाखरू धरावे तशी धरायला लावले. पन्नास चेंडू, रोज. सातव्या आठवड्यात ते पन्नासांपैकी तीस किचनमध्ये पडू लागले.

या कामी कोणाची पूर्वतयारी उपयोगी पडते, हे पाहणे मला फार आवडते. माझे बॅडमिंटनचे जुने विद्यार्थी मनगटाच्या झटक्यावर वाढलेले असतात. शटल हवेत झपाट्याने मंदावते आणि झटका पचवते; प्लास्टिकचा चेंडू पचवत नाही, तो सरळ बाहेर जातो. क्रिकेट खेळलेल्यांची बॅट मागून फार मोठी येते. टेबल टेनिसवाल्यांचा हात जाळीपाशी चपळ असतो, पण त्यांना पाय हलवायचा कंटाळा. मला सर्वांत जास्त शिकवून गेले ते तालमीत वाढलेले, आता साठीला आलेले शहापूरचे एक पैलवान. त्यांना टेनिस, बॅडमिंटन काहीच येत नव्हते. पण कंबर खाली, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, नजर समोरच्यावर असा पवित्रा त्यांच्या अंगात मुरलेला होता, आणि घाई न करण्याची सवयही. किचनच्या रेषेवर समोरासमोर हलके चेंडू टाकण्याच्या खेळीत ते तिसऱ्या महिन्यात सगळ्या तुकडीला भारी पडू लागले.

दुखापतींविषयी मी पहिल्या दिवशीच बोलतो. डोक्यावरून उंच चेंडू गेला, की प्रौढ माणूस समोर तोंड ठेवून उलट्या पावलांनी धावतो आणि पाठीवर किंवा मनगटावर पडतो. वळायचे आणि मग धावायचे. ते जमणार नसेल, तर तो गुण सोडून द्यायचा. धावण्याचे बूटही चालत नाहीत, कारण आडव्या हालचालीत त्यांत घोटा वळतो.

शहरात भाड्याची मैदाने उभी राहत आहेत, त्याचा मला आनंद आहे. मात्र तासाच्या दराने खेळणाऱ्यांपुरताच हा खेळ उरला, तर मला वाईट वाटेल. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाऊस आणि वारा असा असतो, की उघड्यावर चेंडू हातात राहत नाही. पण बाकीचे आठ महिने शाळेचे कोणतेही सपाट अंगण पुरते. म्हणून गेल्या हिवाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावी आम्ही चुन्याने रेषा आखल्या, दोन बांबूंना दोरी बांधून तिच्यावर जुनी साडी टाकली आणि मध्यभागी ३४ इंच भरेपर्यंत ती सैल केली. बॅटी गावच्या सुताराने प्लायवूडच्या कापून दिल्या. मॅकॅलम यांनीही पहिल्या बॅटी प्लायवूडच्याच कापल्या होत्या, हे मी मुलांना सांगितले.

त्या आवारात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही शाळा भरतात. पिकलबॉलमध्ये सर्व्हिस करण्याआधी तीन आकडे मोठ्याने म्हणावे लागतात: आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि आपण जोडीतले कितवे सर्व्हिस करणारे. सामन्याच्या सुरुवातीला पहिल्या बाजूला एकालाच सर्व्हिस मिळते, म्हणून आरंभ ‘शून्य, शून्य, दोन’ असा होतो. एका बाजूने मराठी शाळेच्या मुली तसे म्हणायच्या, दुसऱ्या बाजूने कन्नड शाळेतल्या मुली ‘सोन्ने, सोन्ने, एरडू’. तासाभराने कोण कोणत्या भाषेत म्हणते आहे, याकडे त्यांचे लक्ष उरले नाही. सातवीतल्या एका मुलीने तिसऱ्या फटक्याला चेंडू साडीवरून इतका अलगद सोडला, की समोरच्या दोघी जागेवरून हलल्याच नाहीत. मी पुढच्या शनिवारी येताना खरी जाळी आणण्याचे कबूल करून निघालो.