१.३ व्होल्ट गेले कुठे?

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. येणारं काम म्हणजे ट्रकचे सेल्फ, ट्रॅक्टरचे डायनामो, ऊसवाल्यांच्या ट्रॉलीचे दिवे. आत घर बसवलेली गाडी क्वचितच येते. मे महिन्यात, ऊन बेचाळीसच्या पुढे गेलेलं असताना, पुण्याचे काका-काकू त्यांची जुनी ट्रॅव्हलर घेऊन आले. आत पलंग, ओटा, बारा व्होल्टचा फ्रीज, पंखे, सगळं. अक्कलकोटचं दर्शन करून पुढं हंपीला निघाले होते.

तक्रार एकच, रात्री बॅटरी संपते. काकांचा झोपेत श्वास अडकतो, म्हणून ते मास्क लावून सीपॅप मशीनवर झोपतात. मशीन पहाटे बंद पडायचं. काकू म्हणाल्या, "हे घोरायला लागले की समजायचं, बॅटरी गेली."

पलंगाखाली दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, मागच्याच वर्षी घेतलेल्या. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोन्हीकडे 'बॅटरी बदला' हेच ऐकलेलं. त्यामुळं काका ठरवूनच आलेले, "आता लिथियमच टाकून द्या." माझं पोरगंसुद्धा म्हणालं, "टाकून द्या की ओ अण्णा, मोठं बिल होतंय." होतंय खरं. पण पुण्याहून अडीचशे किलोमीटर चालून आलेल्या गाडीची बॅटरी भरलेली पाहिजे ना? बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घातला तर सगळ्या सेलना ११८० च्या आसपास. भरलेल्या ट्यूब्युलरला १२४० दिसायला हवं. एखादाच सेल खाली असता तर बॅटरीवर संशय घेतला असता. इथं बाराही सेल सारखेच उपाशी.

इंजिन चालू केलं, रेस धरायला लावली. इंजिनवर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या स्टडवर, म्हणजे वायर जोडायच्या बोल्टवर, १४.२ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. पलंगाखाली बॅटरीच्या टोकांवर १२.९. वायरभोवती धरून करंट मोजणाऱ्या क्लँप मीटरवर जेमतेम २८ अँपिअर. १.३ व्होल्ट वाटेतच गायब.

असं झालं की लोक जोड हलवून बघतात, घासून बघतात. त्यापेक्षा मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या स्टडला आणि दुसरी मागच्या बॅटरीच्या प्लसला लावायची. चार्जिंग चालू असताना जो आकडा येईल, तेवढं त्या वाटेत गळतंय. आला ०.७. मग अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचं मायनस, ०.६. हिशेब जुळला. हे माप करंट वाहत असतानाच घ्यायचं. इंजिन बंद करून मोजलं तर वायर कितीही सडकी असो, ही गळती मीटरवर दिसतच नाही.

प्लसची वायर निघाली सहा स्क्वेअर एमएमची, आठ मीटर लांब. एवढ्या लांबीला २८ अँपिअरवर पाऊण व्होल्टच्या आसपास खाणारच. घराच्या वायरिंगचा उरलेला तुकडा असावा. मायनसची तऱ्हा त्याहून भारी. बॉडी बांधणाऱ्यानं चॅसीच्या रंगावरच बोल्ट आवळलेला. लग, म्हणजे वायरच्या टोकाची कडी, काढला तर खाली हिरवट पूड आणि रंगाचा थर जसाच्या तसा. हात लावला तर बोल्ट चटका देत होता. आणि मागच्या टोकाला फ्यूजच नाही! पुढं इंजिनची आणि मागं घराची, अशी दोन्ही टोकांना बॅटरी असलेल्या वायरला फ्यूज दोन्हीकडे लागतो. वायर मध्ये कुठं घासून चॅसीला टेकली तर मागची बॅटरी एकटीच गाडी पेटवू शकते. हे बघितल्यावर बिलाबिलाचं बोलणं थांबलं.

प्लस-मायनस दोन्हीला ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल ओढली, लग हायड्रॉलिक प्रेसनं दाबले, दोन्ही टोकांना शंभरचे फ्यूज टाकले. मायनस थेट इंजिनपर्यंत नेला, चॅसीचा जोडही रंग खरवडून परत केला. पुढची-मागची बॅटरी जोडणारा मधला रिले ठीक होता, ठेवला. परत रेस धरली तर बॅटरीवर १३.८ आणि ४५ अँपिअर. पोरगं मीटरकडंच बघत बसलं.

कॅम्पवर बाहेरून वीज घेऊन चार्जिंग करायला घरगुती इन्व्हर्टर होता. त्याच्या मागचं बटण एसएमएफवर, म्हणजे बिनपाण्याच्या सीलबंद बॅटरीसाठीचं. ट्यूब्युलरवर केलं. त्यानं चार्जिंगचा व्होल्टेज थोडा वर जातो, या बॅटऱ्यांना तो लागतोच. रात्रभर आमच्याकडंच वीज लावून ठेवली, सकाळी बहुतेक सेल १२३० पर्यंत आले. वर्षभर अर्धपोटी राहिल्यानं प्लेटांवर सल्फेट बसलंय, तेवढी ताकद आता परत यायची नाही, तेही स्पष्ट सांगितलं. सीपॅपचं पाणी गरम करणारा हीटर या दिवसात बंद ठेवा म्हटलं. सोलापूरच्या मेमध्ये हवा गरम करून कुणाला पाहिजे?

लिथियमचं काका काही सोडेनात. माझं म्हणणं, टाका, पण नुसती बॅटरी नको. रिकामी लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते. जुना अल्टरनेटर घाटात नाही, सिग्नलला उभं राहिल्यावर जळतो, कारण तेव्हा त्याचा पंखा हळू फिरतो. मध्ये करंटला आवर घालणारा तीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर पाहिजेच. केबल आता झालीच आहे, ती तेव्हाही चालेल. तोवर पलंगाखालच्या बंद खोक्याला बाहेर हवा जायला नळी काढून दिली. चार्ज होताना ट्यूब्युलर हायड्रोजन सोडते आणि हे त्याच्यावर झोपतात. काकूंनी त्याच वेळी विचारलं, "लिथियमला नळी लागते का?" नाही म्हटलं. "मग पुढच्या वर्षी घेऊ," त्या म्हणाल्या. काकांनी मान डोलावली आणि बिल विचारलं.