अटक की ताब्यात? आधी हे विचारा

एप्रिलमध्ये पाण्यासाठी आमच्या वॉर्डातल्या बायकांचा मोर्चा महापालिकेवर नेला होता. पोलीस स्टेशनला आठ दिवस आधी अर्ज दिलेला, पोचपावतीचा शिक्का असलेली झेरॉक्स माझ्या पर्समध्येच होती, तरी गेटवर पोचलो तर म्हणे जमावबंदी आहे, आणि आम्ही उठेना म्हटल्यावर चौदा जणींना गाडीत बसवलं.

आदल्या रात्री वकील मॅडमनी एकच गोष्ट घोकून घेतलेली, आधी विचारायचं की अटक केलीय का नुसतं ताब्यात घेतलंय. मला वाटलं फरक काय, बसवलंय तर खरं! पण खूप फरक आहे. मोर्चात बहुतेकदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८-६९ खाली ताब्यात घेतात आणि सगळं शांत झालं की सोडतात. अटक असेल तर कारण सांगावंच लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं, हे थेट संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे, आणि घरच्यांना कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे.

स्टेशनात एका महिला पोलीस ताईंनी कागद पुढे केला, खाली आमची नावं आणि सहीची जागा, वरचा अर्धा भाग कोरा. शेजारच्या काकू पेन घेऊन सही करायलाच निघाल्या होत्या, मी त्यांचा हात धरला. म्हटलं ताई, वर काय लिहिणार ते आधी लिहा, मग करतो सह्या. आवाज कापत होता माझा, पण भांडले नाही. त्या आत जाऊन विचारून आल्या आणि लिहिलं, कलम ६८ प्रमाणे ताब्यात, वेळ १२.४०. तेवढ्या एका ओळीने जीव भांड्यात पडला.

मोबाईल जमा केलेले, पण वकिलांचा नंबर मनगटाच्या वर बॉलपेनने लिहिला होता (तळहातावर लिहू नका, घामाने जातो) तो दाखवून स्टेशनच्या फोनवरून लावून घेतला. काकूंना शुगर, त्यांची गोळी आणि बिस्किटं मागितली, दिली.

पाच वाजल्यापासून सगळ्या खिडकीकडे बघत होत्या. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि तिने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी लागते, हे मी सगळ्यांना परत परत सांगत होते. सहाला सोडलं.

नंतर आम्हा दोघींना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहायची नोटीस आली. ही अटक नाही, पण टाळायची पण नाही, मॅडमना घेऊन तारखेला गेलो, जबाब दिला, आलो. टँकर अजून दिवसाआडच येतोय, सोमवारी परत अर्ज द्यायचाय.