पुढच्या ब्रेकची थरथर: डिस्कच्या आधी हब मोजा

ताशी ८० वरून ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं आणि पायाखाली पेडल धडधडायचं. ४० च्या खाली जवळजवळ काहीच नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असली तरी मधूनमधून ब्रेक लागतोच, आणि तिथे हे सगळ्यात जास्त जाणवायचं. त्या उतारावर ब्रेकबद्दल मनात शंका ठेवून गाडी चालवायची नाही, म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवून हे आधी घेतलं.

गॅरेजमध्ये यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘साहेब, डिस्क बेंड झाल्यात, जोडी बदलून टाकू.’ (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती; ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात.) या गाडीची जोडी तशी एकदा बदललेली आहे. थरथर गेली, आणि काही हजार किलोमीटरनंतर हळूहळू परत आली. नवी डिस्क पुन्हा तशीच होत असेल तर तिला तसं करणारं कारण गाडीतच बसलेलं असणार. यावेळी तेच शोधायचं ठरवलं.

आधी पुढचं की मागचं, ते बघितलं. स्टिअरिंग हलतंय म्हणजे बहुतेक पुढचं. तरी खात्रीसाठी मोकळ्या सरळ रस्त्यावर ५०-६० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर अगदी हळू ओढला. मागे ड्रम आहेत. गाडी गुळगुळीत थांबत गेली. एबीएसचा (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) धक्का वेगळा असतो, चाक लॉक होऊ लागलं तरच येतो. इथे हलक्या ब्रेकलाही थरथर होती आणि वेग उतरला की तिची लयही उतरायची. माझे टायर १६५/८० आर १४, घेर साधारण १.९५ मीटर. ८० च्या वेगाला चाक सेकंदाला ११ फेरे घेतं, ४० ला त्याच्या निम्मे. लय चाकाशी बांधलेली आहे म्हटल्यावर डिस्क आणि हबकडे (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) वळलो.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, चाकं काढली. बेअरिंगला खेळ नाही ना, हे आधी हाताने हलवून पाहिलं, कारण खेळ असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया. भोसरीत टूलरूममध्ये काम करणाऱ्या मित्राकडून ०.०१ मिमीपर्यंतचा डुलणं काट्यावर दाखवणारा डायल आणि मॅग्नेटिक स्टँड आणला होता. वॉशर घालून सगळे नट आवळले, म्हणजे डिस्क हबवर नीट दाबून बसते. डायलचं टोक बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत टेकवलं आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. एका फेऱ्यात काटा हलला तो उजवीकडे ०.०४ मिमी. डावीकडे ०.१२! बहुतेक गाड्यांना ०.०५ च्या आसपासच मर्यादा असते.

इथेच थांबून डिस्क बदलली असती तर मूळ कारण हबवरच राहिलं असतं. सगळ्यात उंच जागेवर डिस्कवर आणि हबवर खडूने खुणा केल्या, डिस्क काढून एक भोक पुढे फिरवून बसवली आणि पुन्हा मोजलं. डिस्क वाकडी असती तर उंचवटा तिच्याबरोबर सरकला असता. तो हबवरच्या खुणेशीच राहिला.

डिस्क पुन्हा उतरवली. (चिकटली असेल तर हातोड्याने बडवू नका. अनेक डिस्कना आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यांत ८ मिमीचे बोल्ट आलटूनपालटून आवळले की डिस्क आपोआप सुटते.) हबच्या तोंडावर, स्टडच्या (ज्यांवर नट आवळतात त्या बोल्टच्या) मुळाशी, गंजाची घट्ट खपली होती. पार्किंगला छप्पर नाही आणि पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने ओली असते. गंजाचा थर कागदापेक्षा पातळ असतो, पण हबच्या छोट्या तोंडावरचा तिरकेपणा डिस्कच्या कडेला जाईपर्यंत वाढत जातो. तारेचा ब्रश आणि नंतर पॉलिश पेपर लावून हब चकचकीत केला. स्टडभोवती वेळ लागतो, पण खरं काम तिथेच आहे. तीच डिस्क परत बसवली: ०.०४.

तरीही ती डिस्क ठेवता आली नाही. डिस्क अशी डुलत राहिली की ब्रेक लावलेला नसतानाही तिचा उंच भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासून जातो आणि तिथे झिजतो. हजारो किलोमीटरनंतर जाडीच सारखी राहत नाही. मग ब्रेक दाबल्यावर कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन पुढेमागे ढकलला जातो, तेच पेडलला कळतं. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी घेतली, तर सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत ०.०३ मिमीचा फरक होता. इतकाही पुरतो. लेथवर फेसिंग (तोंड छिलून सपाट) करता आलं असतं, पण डिस्कवर ठोकलेली किमान जाडी १५ मिमी आणि उरलेली जेमतेम १५.३. फेसिंगनंतर झिजायला काही राहिलंच नसतं. नाना पेठेतून नवी जोडी आणि नवे पॅड आणले.

डावा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्यातली खालची पिन अडकत होती. साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस नको, रबर फुगतं. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने धुतलं, बसवून पुन्हा डायल लावला: दोन्ही बाजूंना ०.०३ च्या आत. नट आडव्यातिडव्या क्रमाने, दोन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळले. एअरगनने जोरात मारलेले नट डिस्क पुन्हा तिरकी बसवू शकतात, त्यामुळे टायरवाल्याकडेही यापुढे टॉर्क रेंच घेऊनच जाणार.

नवे पॅड डिस्कशी जुळवून घेण्यासाठी भल्या सकाळी पानशेत रस्ता गाठला. ६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये थंड व्हायला अंतर देत, असं दहाएक वेळा. गरम ब्रेक दाबून उभं राहिलं की पॅडचा माल एकाच जागी चिकटतो आणि थरथर तिथूनही सुरू होते.

सध्या ८० वरून स्टिअरिंग स्थिर आहे, पेडलही. आता पावसाळा संपला की चाकं काढून डायल पुन्हा लावणार आहे, आकडे ०.०५ च्या आत राहिले तर हबच्या गंजाचं हे निदान पक्कं. लोअर आर्मच्या मागच्या बुशला (सस्पेन्शनमधल्या रबरी जोडाला) बारीक चिरा दिसल्यात, पुढचं काम ते.