नाही कोणी म्हणायचं?

मंगळवार

ऑफर शेवटी लेखी आली. एका उद्योगसमूहाचं किंग एअर बी200 हे छोटं खासगी विमान मुंबईत असतं, त्यावर एफओ, म्हणजे फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) हवी आहे. टाइप रेटिंगचा, म्हणजे ते विशिष्ट विमान उडवायच्या परवान्याचा खर्च त्यांचा, बदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड. कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, "लवकरच". इथे एअरलाइनमध्ये मी एअरबसवर एफओच आहे, आणि कॅप्टन व्हायला माझा नंबर सिनिऑरिटीने लागणार, म्हणजे कंपनीची विमानं वाढतील तसतसा. आणि एकदा सोडून पुन्हा यावंसं वाटलं तर यादीच्या तळाला.

नवरा म्हणाला, "घे की. रात्री घरी तरी असशील." आज पहाटे तीनचा पिकअप होता, वाद घालायचं त्राणच नव्हतं. चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं झाली. उतरून पुन्हा उडायला, म्हणजे टर्नअराउंडला, जेमतेम अर्धा तास. त्यात इंधन, विमानातल्या वजनाचा हिशेब (लोडशीट), उशिरा येणारी व्हीलचेअर आणि गार झालेलं खाणं. दोघांना एकदम बाधा नको म्हणून आम्ही वेगवेगळं खातो. कॅप्टनने उपमा उचलला, म्हणून माझ्या नशिबी पराठा. पण रोस्टर आधी हातात येतं हेही खरं. मावसबहिणीचं लग्न चुकणार हे मला निदान वेळेवर कळतं.

आईला फोन केला. "म्हणजे साहेबाच्या गाडीवरचा ड्रायव्हरच की!" मग जरा थांबून, "माधवराव शिंदे गेले ते असलंच छोटं विमान होतं ना?"

होतं. 30 सप्टेंबर 2001, कानपूरच्या सभेला जाताना, खराब हवेत, मैनपुरीजवळ. किंग एअर सी90. मला देऊ करतायत त्याचंच धाकटं भावंड. हे काही आईला सांगितलं नाही.

गुरुवार

विमान बघून आले. केबिनमध्ये ताठ उभं राहता येत नाही, वाकूनच पुढे सरकायचं. कॉकपिटमध्ये बसले आणि खरंच हात शिवशिवले. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, आखूड धावपट्ट्यांवर उतरायची तयारी. एअरबसवर आमचं बरंचसं उडणं म्हणजे बटणं फिरवणं आणि आकडे तपासणं; हे विमान हाताने उडवायचं आहे. इथून उठूच नये असं वाटत होतं.

त्यावरचे कॅप्टन वयाने बरेच मोठे, मला पहिल्या मिनिटापासून "अगं" म्हणणारे. नंतर पार्ल्यात चहाला बसलो. कामाचं स्वरूप विचारलं तर म्हणाले, उडणं हा त्यातला सोपा भाग. फ्लाइट प्लॅन आपणच टाकायचा, एफआयसी आणि एडीसी नंबर, म्हणजे उड्डाण माहिती केंद्राचा आणि हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक, आपणच मिळवायचे, तिकडचा विमानतळ कितीपर्यंत उघडा आहे ते फोन करून विचारायचं, मुंबईत गर्दीच्या वेळी उड्डाणाची ठरलेली वेळ (स्लॉट) मिळत नाही म्हणून निघायची वेळ मागेपुढे करायची. बॅगा मागे रचायच्या. बर्फ, वर्तमानपत्रं, थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा. एअरलाइनमध्ये यातल्या एकेका गोष्टीला एकेक खातं असतं.

मग एक किस्सा सांगितला. मालकांना एका लहान विमानतळावर जायचं होतं. तिथे रात्री उतरायची सोय नाही. निघायची वेळ ठरलेली, पण बैठक लांबली आणि मालक दोन तास उशिरा आले. हिशेब केला तर पोचेपर्यंत सूर्य मावळणार. कॅप्टन म्हणाले, "साहेब, आज नाही जमणार." साहेब रागावले नाहीत. नुसतं घड्याळाकडे पाहिलं आणि गाडीने निघून गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून एकाने हसत विचारलं, "काल आपल्या विमानाला काय झालं होतं?"

"पहिल्यांदा नाही म्हणायला काही वाटत नाही," कॅप्टन म्हणाले. "साहेब चांगला माणूस आहे, दिवाळीला घरी मिठाई पाठवतो, मुलीच्या ॲडमिशनला त्यानेच शब्द टाकला. महिन्यात तिसऱ्यांदा नाही म्हणायची पाळी आली की जीभ जड होते."

शनिवार

दोन दिवस तेच डोक्यात आहे. मी एअरलाइनमध्ये कधी कुणाच्या तोंडावर नाही म्हटलंय? ड्युटीचे तास भरले की सॉफ्टवेअरच पुढचा सेक्टर लावू देत नाही. दृश्यमानता कमी असली तर किती मीटरला थांबायचं ते मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. मागे बसलेले पावणेदोनशे लोक चिडतात, पण त्यातला एकही माझा पगार काढत नाही. ड्युटीच्या तासांचे नियम चार्टर आणि खासगी विमानांनाही आहेत. फक्त तिथे ते बोलून दाखवायचं काम पायलटच्या गळ्यात येतं.

एअरलाइन म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. जुलै 2025 पासून आठवड्याची विश्रांती 36 ऐवजी 48 तास झाली, नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाल्यावर त्यांना रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूटही मिळाली. तेव्हा थकवा नेमका कुठे गेला, हे विचारायला हवं होतं. आणि स्थैर्याचं म्हणाल तर जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला शेवटचं उडालं, गो फर्स्ट मे 2023 मध्ये बंद पडलं. कॅप्टनच्या डाव्या सीटवरून उठून दुसरीकडे पुन्हा सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा मालकाची लहर आणि कंपनीचं दिवाळं यात निवड करायची असेल तर दोन्ही सारखीच.

घरी असण्याचं म्हणाल तर कॅप्टनांचा फोन चहाच्या वेळी तीनदा वाजला. ते सुट्टीवर होते.

सोमवार

ऑफिसला मेल टाकली. दोनच गोष्टी मागितल्या. हवामान, वेळ किंवा थकवा या कारणाने उड्डाण रद्द करायचा निर्णय पायलटचा राहील आणि त्याचा पगार-बोनसशी संबंध नसेल, हे नेमणूकपत्रात लिहा. दुसरं, एफओला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तेवढं थांबा.

दुपारी एचआरच्या बाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. नोटीसचं बघू म्हणाल्या. पहिल्या मुद्द्यावर, "मॅडम, आमच्याकडे असा प्रॉब्लेम कधी आलाच नाही हो, सर खूप समजूतदार आहेत. पत्रात कशाला?"

सर समजूतदार असतील. पण ज्या संध्याकाळी ढग खाली आलेले असतील आणि पलीकडे सभा ताटकळत असेल, तेव्हा मला समजूतदारपणावर विसंबायचं नाही. "नाही" असं कळवून टाकलं. कॅप्टनांना वेगळा फोन केला, ते म्हणाले, "ठीक केलंस," आणि लगेच, "तुझ्या ओळखीत कुणी आहे का गं?"

नवरा थोडा हिरमुसला आहे. मीही. रत्नागिरीकडून समुद्रावर वळून ते विमान हाताने खाली आणायचं स्वप्न दोन रात्री पाहिलं होतं, त्याचं वाईट वाटतंय. वाटू दे.