माती विकत घेणे थांबवले तेव्हापासून

कोल्हापुरातील आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर मी 2021 च्या पावसाळ्यात भाजी लावायला सुरुवात केली, आणि घरखर्च ज्या वहीत लिहिते तिच्याच मागच्या पानांवर या भाजीचा जमाखर्चही पहिल्या दिवसापासून मांडत आले. पहिल्या वर्षी कुंड्यांना 2,100 रुपये, रोपवाटिकेतून आणलेल्या तयार मातीला 1,500, रोपांना 600, बियाण्यांच्या पाकिटांना 360 आणि खतांना 300 असे एकूण 4,860 रुपये गेले. त्या वर्षी निघालेल्या भाजीची मंडईच्या भावाने किंमत केली तेव्हा ती 740 रुपये भरली. कमी खर्चात घरची भाजी मिळावी म्हणून केलेल्या कामाचा हा हिशेब पाहून मला फार वाईट वाटले. पण त्याच पानाने मला पुढची वाटही दाखवली, कारण खर्चातले जवळजवळ तीन चतुर्थांश पैसे केवळ माती आणि ती भरायची भांडी यांवर गेले होते.

ती विकतची माती म्हणजे बव्हंशी लाल माती होती. पावसाळ्यात तिच्यावर पाणी साचून राहिले, आणि दिवाळीनंतर ती इतकी कडक झाली की पालकाचे उगवलेले कोंब वरची पापडी फोडून बाहेर येऊ शकले नाहीत. जमिनीत गांडुळे, मुळ्या, पाला यांच्यामुळे माती भुसभुशीत राहते; कुंडीत यांपैकी काहीच नसते आणि वरून रोज पाणी पडत असते, त्यामुळे नुसती माती दबतच जाते. माझ्या सासूबाईंनी ती कुंडी हाताने उकरून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, परड्यात आम्ही माती कधी विकत आणली होती का? पाला कुजवायचा, राख टाकायची, शेणकाला ओतायचा. माती होते तयार." त्यांचे माहेर पन्हाळ्याच्या बाजूचे; तिथल्या परड्यात वरणा (एक शेंगभाजी), दोडका, पोकळा, अळू हे सगळे सांडपाण्यावर आणि उकिरड्याच्या खतावर वाढत असे.

या विचाराला कोल्हापुरातच मोठी परंपरा आहे. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी येथूनच 'प्रयोग परिवार' हे शेतीत प्रयोग करणाऱ्यांचे जाळे उभे केले, आणि शेतीचा प्रयोग करायला पदवी किंवा मोठे रान लागत नाही, नीट पाहणे आणि नोंद ठेवणे लागते, हे अनेक सामान्य माणसांना पटवून दिले. गच्चीवर मातीऐवजी पालापाचोळा आणि उसाच्या चोयट्या कुजवून त्यांत भाजी घेण्याची पद्धत त्या विचारातूनच पुष्कळ घरांत पोहोचली. आमच्या भागात चोयट्यांना तोटा नाही. उन्हाळ्यात कोणत्याही रसवंतीवाल्याला पोते दिले तर तो संध्याकाळी ते भरून ठेवतो आणि पैसे घेत नाही.

मात्र येथे मी एक चूक केली, ती सविस्तर सांगते, कारण पुष्कळजण याच ठिकाणी कंटाळून काम सोडून देतात. पहिल्या उत्साहात मी ताज्या चोयट्या थेट पोत्यांत भरल्या, वर चार बोटे माती पसरली आणि वांग्याची रोपे लावली. पंधरा दिवसांत रोपे पिवळी पडली आणि पोत्यांभोवती मुंग्यांची रांग लागली. मुंग्या आल्या त्या चोयट्यांत उरलेल्या साखरेमुळे. रोपे पिवळी पडण्याचे कारण असे की चोयट्यांत कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदी थोडे असते. त्या कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र हवे असते, आणि ते त्यांनी रोपाच्या मुळाशी असलेल्या मातीतून ओढून घेतले. कच्चा पाला आणि रोप एकाच पोत्यात ठेवले तर त्या झटापटीत रोप हरते. म्हणून आधी कुजवणे आणि मगच लावणे हा क्रम मी तेव्हापासून कधीही मोडलेला नाही.

आता माझी पद्धत अशी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेच्या झाडांची पानगळ होते आणि सकाळी झाडलेल्या पानांचे ढीग पेटवून दिले जातात. तो धूर पाहून जीव हळहळतो, कारण बाजारात पैसे देऊन घ्यावे लागणारे खत तिथे जळत असते. मी झाडणाऱ्या ताईंना आधी सांगून ठेवते आणि पोती भरून आणते. पर्जन्यवृक्षाची बारीक पाने सर्वांत लवकर कुजतात. वडाची, आंब्याची पाने चिवट असल्याने ती हाताने चुरून घालते, आणि निलगिरीची मुळीच घेत नाही. चोयट्या एक रात्र पाण्यात भिजवून, निथळून, उन्हात दोन दिवस पसरते. मग तेलाच्या जुन्या पिंपाला खाली व बाजूंना भोके पाडून त्यात चार बोटे पाला व चोयट्या, त्यावर ओंजळभर शेणखत, त्यावर स्वयंपाकघरातील देठे व साली, पुन्हा पाला, असे थर भरते. प्रत्येक दोन थरांनंतर जीवामृत शिंपडते. त्यासाठी 10 लिटर पाण्यात अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम काळा गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती कालवून ते तीन दिवस सावलीत ठेवते आणि दिवसातून दोनदा काठीने ढवळते.

पिंपातील पाला मुठीत दाबला तर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये, एवढाच ओलावा ठेवायचा. दुर्गंधी आली तर पाणी जास्त झाले आहे असे समजून कोरडा पाला मिसळायचा. आठवड्यातून एकदा खालवर केले की साधारण अडीच ते तीन महिन्यांत भरलेले पिंप एक तृतीयांशावर येते आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा वास येऊ लागतो. त्यात चौथा हिस्सा शेतातील पोयटा, म्हणजे गाळाची माती, मिसळला की लावणीचे मिश्रण तयार होते. ते हलके असते, हा दुसरा मोठा फायदा: ओली माती लिटरमागे दीड किलोच्या वरच भरते, म्हणजे 20 लिटरची बादली मातीने भरली तर 30 किलोहून जड होते, आणि आमच्यासारख्या जुन्या घराच्या स्लॅबवर असे ओझे वाढवत नेणे बरोबर नाही. मी पोती भिंतीच्या कडेने, विटांवर ठेवते, म्हणजे खाली पाणी मुरत नाही आणि गच्ची झाडताही येते.

भांड्यांसाठी आता फारसे काही विकत घ्यावे लागत नाही. किराणा दुकानातील रिकामे पोते 10 रुपयांना मिळते आणि दुमडून अर्ध्यावर आणले तर दोन हंगाम टिकते. रंगाच्या बादल्या, फळांचे फुटके क्रेट हेही चालतात.

बियाण्यांचा मोठा भाग स्वयंपाकघरातच असतो. मेथ्या, धणे, मोहरी, चवळी हे डब्यातून काढून पेरले तरी उगवतात, फक्त माल फार जुना नसावा. धणे पोळपाटावर हलकेच रगडून त्याचे दोन भाग करायचे आणि रात्रभर भिजवायचे. तरीही ते उगवायला आठ-दहा दिवस घेतात, तोवर धीर सोडू नये. मेथी तीन दिवसांत वर येते आणि साधारण पंचविसाव्या दिवशी काढता येते. पुदिना, मायाळू, तोंडली ही फांदीवरून लागतात, अळू आणि हळद कंदावरून. बाकी भाज्यांसाठी मी संकरित बियाण्यांची पाकिटे घेणे बंद केले. त्यांचे पहिले पीक चांगले येते, पण त्याच फळातील बी पुढच्या वर्षी लावले तर झाडे सारखी निघत नाहीत, त्यामुळे दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. गावरान वरणा, दोडका, वांगे यांचे बी एकदा मिळाले की घरचेच राहते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाण जपण्याचे जे काम केले आणि ज्यासाठी 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्याचे मोल मला स्वतःच्या चार शेंगा वाळवताना खऱ्या अर्थाने कळले. मी वेलावरची सर्वांत निरोगी शेंग बियाण्यासाठी राखते, बी सावलीत वाळवते आणि राखेत मिसळून काचेच्या बरणीत ठेवते.

काय लावावे याचा निर्णय आवडीपेक्षा हिशेबाने घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर यांच्या वाटेला मी जात नाही. ते जागा दीर्घकाळ अडवतात आणि मंडईत त्यांना फारसा भाव नसतानाच आपल्याकडेही तयार होतात. टोमॅटोही मला कधी परवडले नाहीत. याउलट कढीपत्ता, मिरची, कोथिंबीर, पुदिना यांचे रोज थोडेसेच लागते, पण त्यासाठी पूर्ण जुडी घ्यावी लागते आणि अर्धी सुकून जाते. पोकळा, चाकवत, शेपू, चुका यांची जुडी महाग होते ती नेमकी पावसाळ्याच्या दिवसांत, आणि त्याच काळात गच्चीवरचा पोकळा मुळापासून न उपटता कापून घेतला तर दोन-तीनदा फुटतो. दोडका आणि घोसाळे एका पोत्यातून निघून मांडवावर पसरतात, त्यामुळे जमिनीची जागा लागतच नाही. मांडव म्हणून जुने दोरे आणि सुतळी पुरते. भोपळ्याला मात्र आमच्या गच्चीवर मधमाश्या कमी येतात, म्हणून सकाळी आठच्या आत नरफूल तोडून त्याचे परागकण मादीफुलाला लावावे लागतात. ज्या फुलामागे इवलेसे फळ दिसते ते मादीफूल.

थंडीत वरण्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा हटकून येतो. पहिल्या दिवशीच पाण्याचा जोराचा फवारा मारला तर बराचसा गळून पडतो. त्यानंतर 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात साबणाचा चुरा विरघळवून संध्याकाळी फवारते. जूनमध्ये कडुनिंबाखाली पडणाऱ्या निंबोळ्या वेचल्या की वर्षाची सोय होते. एप्रिल-मेमध्ये शेडनेटऐवजी जुनी सुती नऊवारी बांधते आणि पोत्यांवर पाल्याचे आच्छादन घालते, त्यामुळे दोन वेळांऐवजी एकदाच पाणी पुरते.

तिसऱ्या वर्षाचा हिशेब असा झाला: गूळ-बेसन 160 रुपये, शेणखताची दोन पोती 200, रिकामी पोती 120, बियाणे 90 आणि सुतळी 45, म्हणजे एकूण 615 रुपये. भाजीची मंडईच्या भावाने किंमत झाली 5,360 रुपये. त्यात पालेभाज्या व अळू यांचेच 2,450 होते, वेलभाज्या व वरणा यांचे 1,520, मिरची-कोथिंबीर-कढीपत्ता-पुदिना यांचे 980, आणि वांगी व टोमॅटो मिळून केवळ 410. माझ्या रोजच्या पाऊण तासाचे मोल मी यात धरलेले नाही, आणि पिण्याचे पाणी जपून वापरावे लागणाऱ्या घरांनी भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्याचा अंदाज घेऊन मगच पोत्यांची संख्या ठरवावी. माझ्याकडे त्या पाण्यावर सात पोती निभावतात.

आता मृग तोंडावर आला आहे. दोन पिंपे तयार आहेत, तिसऱ्यातला आंब्याचा पाला अजून पुरता कुजलेला नाही, म्हणून ते पिंप श्रावणापर्यंत हलवणार नाही. या रविवारी अळूचे कंद आणि दोडका लावते आहे.